महास्फोटाच्या आधी काय होतं? भौतिकशास्त्राचं उत्तर आज कुठपर्यंत पोचतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "विश्व शून्यातून निर्माण झालं असं कुणी सांगतं. कुणी म्हणतं, आधीचं विश्व आकुंचन पावलं आणि त्यातून हे उसळून वर आलं. कुणी अनंत विश्वांबद्दल बोलतं. आता तर जेम्स वेब दुर्बिणीमुळे महास्फोटाचा सिद्धांतच चुकीचा ठरला असंही ऐकतो. यातलं खरं काय मानायचं? आणि महास्फोटाच्या आधी काय होतं?"

आधी सरळ उत्तर देतो. आपलं विश्व एके काळी अतिशय तप्त आणि घन होतं आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत, निवत आलं आहे, हे निरीक्षणांनी पक्कं झालेलं आहे. ते तसं तप्त आणि घन मुळात का होतं, त्याआधी काही होतं का, किंबहुना तिथे 'आधी' म्हणण्याला अर्थ उरतो का, हे ठरलेलं नाही. महास्फोटाचा सिद्धांत पहिल्या गोष्टीबद्दल आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल आज आपल्याकडे काही गणिती प्रस्ताव आहेत, त्यातले काही फार सुंदर आहेत, पण एकालाही निरीक्षणाचा आधार मिळालेला नाही. तुम्ही ऐकलेली विधानं या दोन गोष्टींची सरमिसळ करतात. माझं काम विश्वाच्या सुरुवातीच्या प्रारणाच्या मोजमापांचं विश्लेषण करण्याचं आहे आणि ही सरमिसळ मला मनापासून खटकते, कारण तिच्यामुळे जे खरोखर कळलेलं आहे त्याची किंमतही कमी होते. म्हणून आजपासून मागे मागे जाऊ आणि कुठे काय पुरावा हाती आहे ते बघू.

प्रसरणाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे ती भराभर सांगतो. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ पासून दूरच्या 'तेजोमेघां'चे वर्णपट नोंदवले तेव्हा बहुतेकांचा प्रकाश तांबड्या टोकाकडे सरकलेला दिसला. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताची समीकरणं वापरून अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये दाखवलं की विश्व स्थिर राहायलाच हवं असं नाही. १९२७ मध्ये जॉर्ज लमेत्र यांनी गणित आणि निरीक्षणं एकत्र जोडली, आणि १९२९ मध्ये एडविन हबल यांनी दीर्घिकांची अंतरं आणि वेग यांचा संबंध मांडला. हबल यांनी काढलेला प्रसरणाचा दर आजच्या मूल्याच्या सुमारे सातपट होता. त्यावरून विश्वाचं वय २०० कोटी वर्षांहून कमी येत होतं, म्हणजे पृथ्वीवरच्या खडकांहूनही विश्व तरुण ठरत होतं. अंतरं मोजण्याची पद्धत सुधारली तशी ही अडचण मिटली. आज ते वय सुमारे १,३८० कोटी वर्षं धरलं जातं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वाकडं समजेल. प्रसरण म्हणजे रिकाम्या अवकाशातल्या एखाद्या बिंदूपाशी झालेला स्फोट नव्हे. दीर्घिकांमधलं अवकाशच ताणलं जात आहे. त्याला केंद्र नाही आणि कडाही नाही. "सगळं विश्व एका बिंदूत सामावलं होतं" हे वाक्य फार सैल आहे. आज जो भाग आपल्याला दिसू शकतो, तो फार छोट्या जागेत होता, एवढंच म्हणता येतं. त्या भागापलीकडे विश्व किती पसरलं आहे हे आपण मोजू शकत नाही. ते अनंत असेल, तर त्या तप्त अवस्थेतही अनंतच होतं.

प्रसरण उलट दिशेने नेलं की विश्व दाट आणि गरम होत जातं, हे तर्काने दिसतं. पण ते खरंच तसं होतं याचा पुरावा लागतो. पहिला पुरावा प्रकाशाचा आहे. विश्वाचं वय ३ लाख ८० हजार वर्षांच्या आसपास असताना तापमान सुमारे ३,००० केल्विनपर्यंत उतरलं, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांचे अणू बनले, आणि तोवर सतत विखुरला जाणारा प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश सुमारे १,१०० पट ताणला जाऊन आज सूक्ष्मलहरींच्या रूपात चारही बाजूंनी आपल्यापर्यंत येतो. त्यालाच पार्श्वप्रारण म्हणतात. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच असं प्रारण असावं आणि त्याचं तापमान सुमारे ५ केल्विन असावं असं लिहून ठेवलं होतं. १९६५ मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनाला ते सापडलं. पुढे १९९० मध्ये कोबे उपग्रहाने त्याचा वर्णपट मोजला, तो आदर्श कृष्णवस्तूच्या, म्हणजे फक्त तापमानानुसार प्रकाश देणाऱ्या वस्तूच्या, वक्राशी तंतोतंत जुळला. तापमान २.७२५ केल्विन. असा निर्दोष औष्णिक वर्णपट तेव्हाच मिळतो जेव्हा द्रव्य आणि प्रकाश यांच्यात दीर्घकाळ पूर्ण औष्णिक समतोल राहिलेला असतो. आजच्या विरळ, थंड विश्वात तो तयार होण्याचा सोपा मार्ग नाही.

मराठी वाचकांना इथे जयंत नारळीकर आठवतील आणि आठवायलाच हवेत. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमी गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धांत मांडला: विश्व प्रसरण पावतं, पण नवं द्रव्य सतत निर्माण होत राहतं, त्यामुळे ते सदासर्वकाळ सारखंच दिसतं आणि त्याला आरंभ नसतो. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी त्याची सुधारित आवृत्ती मांडली. तीत पार्श्वप्रारणाचं स्पष्टीकरण ताऱ्यांचा प्रकाश लोहाच्या सूक्ष्म सुयांसारख्या धूलिकणांनी शोषून पुन्हा उत्सर्जित केला, असं होतं. हा सिद्धांत आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मानत नाहीत, मीही मानत नाही, कारण पार्श्वप्रारणातल्या बारीक चढउतारांचा तपशील त्यातून नीट येत नाही. पण त्या मंडळींनी घेतलेल्या हरकतींमुळे विश्वशास्त्राचं फार भलं झालं. मूलद्रव्यं महास्फोटात बनली नसतील तर कुठे बनली, या प्रश्नाचा पाठलाग करताना हॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं की कार्बन, ऑक्सिजन, लोह ही जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात तयार होतात. ते आजही खरं आहे. आणि १९६४ मध्ये याच हॉइल यांनी रॉजर टेलर यांच्याबरोबर गणित करून सांगितलं की विश्वात जेवढा हेलियम आहे तेवढा साध्या ताऱ्यांमधून मिळणं अशक्य आहे, त्यासाठी फार तप्त असं काहीतरी हवं. आपल्याच मताच्या विरोधात जाणारा हिशेब त्यांनी स्वतः प्रसिद्ध केला.

तो हेलियमचा हिशेब इथे करून दाखवतो, कारण 'पहिल्या सेकंदाबद्दल तुम्हाला काय माहीत' या शंकेला याहून चांगलं उत्तर नाही. विश्वाचं वय एक सेकंद असताना तापमान सुमारे १,००० कोटी केल्विन होतं. तोवर प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांत बदलत होते. मग तापमान उतरलं, ही अदलाबदल थांबली आणि दर ६ प्रोटॉनमागे साधारण १ न्यूट्रॉन उरला. सुटा न्यूट्रॉन टिकाऊ नसतो. पुढच्या काही मिनिटांत काही न्यूट्रॉनांचा क्षय झाला आणि हे प्रमाण ७ ला १ वर आलं. म्हणजे १४ प्रोटॉनमागे २ न्यूट्रॉन. हे २ न्यूट्रॉन २ प्रोटॉनांबरोबर बांधले जाऊन हेलियमचं एक अणुकेंद्रक बनतं, त्याचं वजन ४. एकूण १६ कणांपैकी ४ म्हणजे २५ टक्के. आता ज्या दीर्घिकांमध्ये ताऱ्यांनी फारशी भेसळ केलेली नाही अशा दीर्घिकांचा वायू तपासला, तर वस्तुमानाने सुमारे २५ टक्के हेलियम मिळतो. याच गणितातून ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, प्रमाणही येतं: हायड्रोजनच्या १ लाख अणूंमागे सुमारे अडीच. तेही जुळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ड्युटेरियमवरून साध्या द्रव्याची जी घनता निघते तीच घनता ३ लाख ८० हजार वर्षांनंतरच्या पार्श्वप्रारणातून, पूर्णपणे वेगळ्या भौतिकीने, पुन्हा मिळते. लिथियमचं मात्र जुळत नाही. गणित सांगतं त्याच्या सुमारे एक तृतीयांशच लिथियम जुन्या ताऱ्यांत दिसतो. ती अडचण उघड आहे आणि तिच्यावर काम चालू आहे. पण एकंदरीत पहिल्या सेकंदापर्यंतचा इतिहास मी निःशंकपणे सांगू शकतो.

एका सेकंदाच्या आत गेल्यावर परिस्थिती बदलते. सेकंदाच्या सुमारे लाख कोटीव्या भागापर्यंतची भौतिकी आपल्याला प्रयोगशाळेतून माहीत आहे. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या कणत्वरकात तेवढ्या ऊर्जेच्या टकरी होतात, आणि तिथे व अमेरिकेतल्या ब्रुकहेवनमध्ये जड अणुकेंद्रकं आदळवून क्वार्क आणि ग्लुऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) यांचा सुटा रसही बनवून पाहिलेला आहे. म्हणजे तेव्हा नियम कोणते चालत होते हे कळलेलं आहे. पण त्या काळाच्या थेट खुणा आकाशात जवळजवळ उरलेल्या नाहीत. एक मोठी खूण मात्र आपण स्वतःच आहोत. द्रव्य आणि प्रतिद्रव्य जोडीने निर्माण होतात आणि जोडीने नष्ट होतात. सुरुवातीला ते अगदी समान असते तर आज प्रकाशाखेरीज जवळपास काहीच उरलं नसतं. प्रत्येक अब्ज जोड्यांमागे द्रव्याचा साधारण एक कण जास्त होता, आणि त्या जास्तीच्या कणांतून सगळ्या दीर्घिका, ग्रह आणि आपण बनलो. असं आधिक्य निर्माण होण्यासाठी कोणत्या अटी पूर्ण व्हायला हव्यात हे आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये सांगितलं. त्या अटी निसर्गाने नेमक्या कशा पूर्ण केल्या हे अजून सुटलेलं नाही. माझ्या मते विश्वाच्या उत्पत्तीबद्दलच्या चर्चेत या प्रश्नाला मिळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्व मिळायला हवं, कारण त्याचं उत्तर प्रयोगातून येण्याची खरी शक्यता आहे.

आता इन्फ्लेशनकडे, म्हणजे विश्व सुरुवातीला अतिवेगाने फुगलं या कल्पनेकडे, येऊ. इथे थोडं थांबायला हवं.

पार्श्वप्रारणाचं तापमान आकाशाच्या सगळ्या दिशांना सारखं आहे, फरक आहे तो लाखात एका भागाएवढा. साध्या महास्फोटाच्या गणितात हे कोडं आहे. ते प्रारण सुटलं तेव्हापर्यंत प्रकाश फार दूर जाऊ शकला नव्हता. आजच्या आकाशात सुमारे दोन अंशांहून, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या चारेक पटींहून जास्त अंतरावर असलेल्या दोन भागांचा एकमेकांशी कधीच संपर्क आलेला नसायला हवा. वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या हजारो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका शब्दशः सारख्या निघाल्या, तर आपण योगायोग म्हणून सोडून देणार नाही, त्यांचा शिक्षक एकच असणार असं म्हणू. त्याचबरोबर दुसरं कोडं सपाटपणाचं. आज विश्वाची भूमिती जवळजवळ सपाट मोजली जाते. त्यासाठी पहिल्या सेकंदाला विश्वाची घनता एका ठराविक मूल्याशी इतकी जुळलेली असायला हवी होती, की फरक १ वर पंधरा-सोळा शून्यं एवढ्या भागांत एखाद्या भागाचाच. हे आपोआप कसं झालं?

अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांनी १९८० मध्ये आणि अॅलन गूथ यांनी १९८१ मध्ये, वेगवेगळ्या वाटांनी, असं सुचवलं की अगदी सुरुवातीला विश्वाने काही क्षणार्धात अतिवेगाने फुगवटा घेतला. लांबी किमान १ वर २६ शून्यं एवढ्या पटीने वाढली. त्यामुळे आधी एकमेकांच्या संपर्कात असलेला एक लहानसा प्रदेश आपल्या संपूर्ण दृश्य विश्वाहून मोठा झाला, आणि त्याची वक्रताही ताणली जाऊन दिसेनाशी झाली. गूथ यांच्या मूळ मांडणीत हा फुगवटा नीट थांबत नव्हता. १९८२ मध्ये आंद्रेई लिंडे यांनी, आणि अँड्रियास अल्ब्रेश्ट व पॉल स्टाइनहार्ट यांनी तो दोष दूर केला. फुगवटा थांबला की त्याला कारण असलेल्या क्षेत्राची ऊर्जा कणांमध्ये रूपांतरित होते आणि विश्व तापतं. म्हणजे ज्याला आपण तप्त महास्फोट म्हणतो, तो या चित्रात इन्फ्लेशनच्या शेवटी येतो.

पण कोडी सोडवली म्हणून एखादी कल्पना खरी ठरत नाही. इन्फ्लेशनला वजन आलं ते दुसऱ्याच कारणाने. व्याचेस्लाव मुखानोव आणि गेन्नादी चिबिसोव यांनी १९८१ मध्ये दाखवलं की या काळातले क्वांटम चढउतार ताणले जाऊन पुढे दीर्घिकांची बीजं बनतील, आणि लहानमोठ्या सगळ्या अंतरांवर त्यांची तीव्रता जवळजवळ सारखी असेल. जवळजवळ, पण अगदी सारखी नाही. पूर्ण समानता असेल तर एका विशिष्ट निर्देशांकाचं मूल्य १ येतं. इन्फ्लेशन म्हणतं, ते १ पेक्षा किंचित कमी हवं. तीसेक वर्षांनी प्लांक उपग्रहाने ते मोजलं: ०.९६५, त्रुटी ०.००४. अटाकामामधल्या दुर्बिणीची आणि इतर निरीक्षणांची २०२५ मधली मोजमापं एकत्र घेतली की आकडा ०.९७ च्या किंचित वर सरकतो, तरी १ पेक्षा कमीच राहतो. क्वांटम यामिकीतली एक थरथर आणि दीर्घिकांच्या समूहांची आजची मांडणी यांना जोडणारा हा आकडा आहे. या विषयात इतकी वर्षं काम करूनही तो पाहिला की मला तितकंच नवल वाटतं.

एवढ्यावर इन्फ्लेशन सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. त्याची एक खास खूण अजून सापडलेली नाही: त्या फुगवट्यात निर्माण झालेल्या गुरुत्वीय लहरी. त्यांनी पार्श्वप्रारणाच्या ध्रुवीकरणात एक पिळदार आकृतिबंध उमटवायला हवा. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ गटाने तो सापडल्याचं जाहीर केलं आणि जगभर बातम्या झाल्या. पण आपल्याच आकाशगंगेतली धूळही तसंच ध्रुवीकरण निर्माण करते. २०१५ च्या सुरुवातीला बायसेप आणि प्लांक या दोन्ही गटांनी आपापली मोजमापं एकत्र करून पाहिली तेव्हा दावा टिकला नाही. आज या लहरींच्या सापेक्ष तीव्रतेवरची (म्हणजे घनतेतल्या चढउतारांच्या तुलनेत त्या किती, यावरची) वरची मर्यादा ०.०३६ आहे. इन्फ्लेशनची अनेक सोपी प्रारूपं एवढ्यानेच बाद झाली. ज्यांनी ही कल्पना घडवली त्यांच्यापैकीच स्टाइनहार्ट आज तिचे कठोर टीकाकार आहेत. त्यांचं म्हणणं, प्रारूपं इतकी लवचिक आहेत की जवळपास कोणतंही निरीक्षण त्यांत बसवता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. तरीही माझं मत असं, की इन्फ्लेशन ही आजची सर्वांत भक्कम कल्पना आहे आणि अजून कल्पनाच आहे.

तुमचा खरा प्रश्न याच्याही मागचा आहे. तिथे पुरावा संपतो आणि फक्त सिद्धांत उरतात.

अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण दिलं. गुरुत्वामुळे द्रव्याचे आणि प्रकाशाचे मार्ग एकमेकांकडे कसे वळत जातात हे त्यातून कळतं. त्याच्या आधारावर रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये कृष्णविवरांसाठी आणि स्टीफन हॉकिंग व पेनरोज यांनी १९७० मध्ये विश्वासाठी सिद्ध केलं की काही अटी मानल्या तर व्यापक सापेक्षतेत सिंग्युलॅरिटी टाळता येत नाही. घनता आणि वक्रता अनंत होतात. अनेक लेखांत सिंग्युलॅरिटीचं वर्णन एखाद्या वस्तूसारखं केलेलं असतं, जणू ती तिथे होती आणि मग फुटली. भौतिकशास्त्रज्ञ तिच्याकडे सिद्धांत कोलमडण्याची जागा म्हणून बघतात. सेकंदाचे १ वर ४३ शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या साधारण अर्ध्या भागाएवढा जो प्लांक काळ, त्याच्या आसपास गुरुत्वाचं क्वांटम रूप लागतं, आणि असा सर्वमान्य सिद्धांत आपल्याकडे नाही. शिवाय त्या प्रमेयांतल्या अटी इन्फ्लेशनमध्ये मोडतात. म्हणून २००३ मध्ये अरविंद बोर्ड, गूथ आणि अलेक्झांडर विलेंकिन यांनी वेगळं प्रमेय दिलं: ज्या विश्वाचं सरासरी प्रसरण सतत होत आलेलं आहे ते भूतकाळात अनंतापर्यंत नेता येत नाही. 'विश्वाला आरंभ होता हे गणिताने सिद्ध झालं' असं म्हणून हे प्रमेय सर्रास वापरलं जातं. प्रमेय एवढंच सांगतं की निव्वळ प्रसरणाची गोष्ट मागे कुठेतरी अपुरी पडते. त्या जागी आरंभ असेल, आकुंचन असेल किंवा वेगळीच भौतिकी असेल.

'शून्यातून विश्व' ही कल्पना इथे येते. १९७३ मध्ये एडवर्ड ट्रायॉन यांनी सुचवलं की विश्वातल्या द्रव्याची धन ऊर्जा आणि गुरुत्वाची ऋण ऊर्जा मिळून बेरीज शून्य येत असेल, तर निर्वातातल्या चढउतारातून विश्व उपजायला ऊर्जेची आडकाठी नाही. विलेंकिन यांनी १९८२ मध्ये पुढे जाऊन अवकाश-काळच नसलेल्या अवस्थेतून क्वांटम टनेलिंगने (ऊर्जा अपुरी असूनही अडथळा पार होण्याच्या क्रियेने) लहानसं विश्व प्रकट होण्याचं गणित मांडलं. १९८३ मध्ये जेम्स हार्टल आणि हॉकिंग यांनी सीमाविरहित विश्वाचा प्रस्ताव दिला. त्यात सुरुवातीजवळ काळ अवकाशासारखा वागू लागतो आणि 'त्याआधी काय' हा प्रश्न उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय आहे असं विचारण्यासारखा होतो. गणित म्हणून हे विलक्षण देखणं आहे. पण या 'शून्या'त क्वांटम यामिकीचे नियम आधीपासून गृहीत धरलेले आहेत. नियम का आहेत आणि हेच का आहेत, याचं उत्तर त्यात नाही. तांत्रिक वादही आहेत. २०१७ मध्ये जॉब फेल्डब्रुगे, जाँ-लुक लेनर्स आणि नील टुरोक यांनी दावा केला की हे गणित काटेकोरपणे केलं तर गुळगुळीत विश्वाऐवजी बेबंद चढउतारांचं विश्व मिळतं. हॉकिंग यांच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी ते अमान्य केलं. तेव्हा 'भौतिकशास्त्राने शून्यातून विश्व सिद्ध केलं' हे वाक्य कुठेही वाचलंत तर ते स्वीकारू नका.

दुसरी वाट उसळीची. अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये व्यापक सापेक्षतेची नव्या चलांमध्ये मांडणी केली आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी हा अभ्यास उभा राहिला. त्यात अवकाश अखंड नसून त्याचे अतिसूक्ष्म तुकडे असतात. मार्टिन बोयोवाल्ड यांनी २००१ मध्ये ही पद्धत विश्वाला लावली. २००६ मध्ये अष्टेकर, टोमाश पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी सविस्तर गणित करून दाखवलं की घनता प्लांक घनतेच्या (जिथे गुरुत्वाचं क्वांटम रूप लागतं त्या घनतेच्या) सुमारे ४१ टक्क्यांवर पोचली की गुरुत्व अपकर्षक होतं, सिंग्युलॅरिटी येतच नाही, आणि आधीचं आकुंचन पावणारं विश्व उसळी घेऊन प्रसरण पावू लागतं. मला ही वाट आवडते, कारण तिच्यात प्रश्न टाळलेला नाही, समीकरण सोडवून पलीकडे नेलेलं आहे. तिची मर्यादा अशी की हे गणित अतिशय सममित, सरळ केलेल्या विश्वासाठी आहे. खऱ्या, खडबडीत विश्वाला ते तसंच लागू पडतं का, हे दाखवायचं बाकी आहे.

स्टाइनहार्ट, टुरोक आणि सहकाऱ्यांनी २००१-०२ मध्ये इन्फ्लेशनला पर्याय म्हणून चक्रीय विश्व सुचवलं. त्यात मंद आकुंचनातच विश्व सपाट आणि एकजिनसी होतं. पेनरोज यांचं चक्रीय विश्व वेगळं: अतिदूरच्या भविष्यात वस्तुमानच उरलं नाही की मोठं आणि छोटं हा भेदही उरत नाही, आणि एका युगाचा शेवट पुढच्या युगाचा आरंभ बनतो. आधीच्या युगाच्या खुणा म्हणून पार्श्वप्रारणात समकेंद्री वर्तुळं सापडल्याचा दावा त्यांनी वाहे गुर्झाद्यान यांच्याबरोबर २०१० मध्ये केला. इतर गटांनी तपासलं तेव्हा नेहमीच्या प्रारूपावरून संगणकाने बनवलेल्या नकाशांतही तशीच वर्तुळं मिळाली. अनंत विश्वांची कल्पना इन्फ्लेशनमधूनच निघते: काही प्रदेशांत फुगवटा थांबतो, इतरत्र चालूच राहतो, आणि नवे प्रदेश तयार होत जातात. ती तर्काला धरून आहे. पण अनंत प्रदेशांमध्ये संभाव्यता कशी मोजायची हेच ठरत नसल्यामुळे तिच्यातून नेमकं भाकीत काढता येत नाही, आणि म्हणून माझ्या कामात मी तिच्यावर काहीही उभारत नाही.

या सगळ्या प्रस्तावांना मी एक प्रश्न आवर्जून विचारतो: आरंभीची एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, इतकी कमी का होती? गुरुत्व असलेल्या विश्वात सर्वाधिक अव्यवस्था म्हणजे द्रव्य एकवटून कृष्णविवरं होणं. सुरुवातीचं विश्व त्याच्या अगदी उलट, कमालीचं गुळगुळीत होतं. काळाला दिशा आहे, तारे जळतात, आठवणी भूतकाळाच्याच असतात, हे सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे. पेनरोज गेली अनेक दशकं हे बजावत आले आहेत. चक्रीय विश्वांना तर हा प्रश्न जास्तच बोचतो. रिचर्ड टोलमन यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की एन्ट्रॉपी चक्रागणिक वाढत जाते आणि प्रत्येक चक्र आधीच्याहून लांब होतं, म्हणजे मागे जावं तशी चक्रं आखूड होत जातात आणि आरंभाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. नव्या चक्रीय प्रारूपांनी यावर तोडगे काढले आहेत, पण सर्वांना पटेल असं उत्तर अजून कुणाकडेच नाही, इन्फ्लेशनकडेही नाही.

जेम्स वेबबद्दल. या दुर्बिणीने महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतल्या दीर्घिका दाखवल्या आणि त्या अपेक्षेहून तेजस्वी निघाल्या. यातून पहिले तारे किती वेगाने बनले, धूळ किती होती, याबद्दलची आपली समज बदलेल. पार्श्वप्रारणाचा वर्णपट किंवा हेलियमचं प्रमाण यांना त्याने धक्का लागत नाही. याहून गंभीर विसंगती दुसऱ्या आहेत. पार्श्वप्रारणावरून प्रसरणाचा दर प्रत्येक मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर येतो, जवळच्या ताऱ्यांवरून आणि सुपरनोव्हांवरून सुमारे ७३. आणि दीर्घिकांचा नकाशा बनवणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या २०२४-२५ मधल्या निष्कर्षांत कृष्णऊर्जा (प्रसरणाला वेग देणारी ऊर्जा) काळानुसार बदलत असल्याचे संकेत आहेत. हे टिकलं तर विश्वाच्या घटकांबद्दलचं आपलं चित्र बदलेल. तप्त, घन सुरुवात मात्र तशीच राहील.

लमेत्र यांची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वशास्त्राला सृष्टिनिर्मितीच्या श्रद्धेशी जोडलं. लमेत्र स्वतः धर्मगुरू होते, तरी त्यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून अलग आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती मला आजही योग्य वाटते, दोन्ही बाजूंसाठी.

'खरं काय मानायचं' याचं उत्तर पुढच्या काही वर्षांत बदलू शकतं, आणि कसं बदलेल हे आधीच सांगता येतं. चिलीतली सायमन्स वेधशाळा सध्या ध्रुवीकरण मोजत आहे, आणि जपानच्या पुढाकाराने होणाऱ्या लाइटबर्ड उपग्रहाची योजना २०३० च्या दशकासाठी आहे. गुरुत्वीय लहरींची सापेक्ष तीव्रता ०.०१ च्या आसपास सापडली, तर इन्फ्लेशन एलएचसीच्या टकरींपेक्षा सुमारे लाख कोटी पट ऊर्जेला झालं असं ठरेल आणि स्टाइनहार्ट-टुरोक यांचं चक्रीय विश्व मागे पडेल, कारण त्यात अशा लहरी जवळजवळ नसतातच. आणि ०.००१ पर्यंत शोधूनही काही मिळालं नाही, तर स्टारोबिन्स्की यांचं १९८० चं प्रारूप बाद होईल, कारण त्याचं भाकीत ०.००३ ते ०.००५ च्या दरम्यान येतं.